फुकटच्या सीडीतला सातांचा ठेका

वेणूअन्ना, माझा थोरला भाऊ, आजही पाहुण्यांना सांगतो की गल्लीच्या बतकम्माचा ठेका त्याने कॉम्प्युटरवर बसवला. मी तेव्हा चहाचे कप गोळा करत असते आणि काही बोलत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, लहानपणापासून. पण लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं, आणि चौथीपर्यंतच्या शाळेने लिहिण्यापुरतं दिलं आहे. तेव्हा लिहून ठेवते. कॉम्प्युटर त्याचा होता, ठेका माझा. कोणत्या सॉफ्टवेअरवर तो बसवायचा तेही मीच ठरवलं, घरातल्या शहाण्या माणसाच्या मनाविरुद्ध. हे कोणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. पण कुठेतरी खरं लिहिलेलं असावं, एवढा हट्ट मला या वयात करायचा आहे.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या गल्लीत. घरात आम्ही तेलुगू बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर मराठी. कधी कुठली चालू आहे ते आमचं आम्हालाही कळायचं नाही. पुढच्या खोलीत नायनांचं, म्हणजे वडिलांचं, कार्डांना भोकं पाडायचं मशीन होतं. चादरीवर जी नक्षी विणतात ती आधी चौकटीच्या ग्राफ कागदावर काढलेली असते. त्या ग्राफची एकेक आडवी ओळ वाचून पुठ्ठ्याच्या एकेका कार्डाला भोकं पाडायची. एक ओळ, एक कार्ड. मग सगळी कार्डं दोऱ्याने ओवून त्यांची माळ मागावर चढवली की माग एका मागून एक कार्ड घेत जातो आणि नक्षी खालून वर उगवत जाते. नायना भोकं पाडायचे, मी ओवायची. शाळा सुटली ती याच कामासाठी. वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही, वाटलं. पण ग्राफ वाचायला मी लवकर शिकले, आणि एखादं कार्ड उलटं ओवलं गेलं तर बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर.

आवाजांची आमच्या घरात कमी नव्हती. नायनांचा पाय मशीनच्या पट्टीवर पडला की धप्प व्हायचं आणि भिंतीवरचा आरसा थरथरायचा. शेजारच्या शेडमधले माग दिवसभर खटखटत असायचे. अम्मा उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, आणि वळता वळता गायची. तंबाखूच्या वासातच आम्ही चिंचेचं आंबट वरण आणि भात जेवायचो, वर शेंगांची चटणी. अम्माचं गाणं मागांच्या आवाजावर बसलेलं असायचं, माग बंद पडले की तिचंही गाणं थांबायचं आणि ती विचारायची, "लाईट गेली काय गं?" आता त्या शेडच्या जागी गाड्या लावतात. अजूनही भर दुपारी शांतता झाली की मला लाईट गेल्यासारखं वाटतं.

बतकम्मा आमच्या तेलुगू बायकांचा सण, नवरात्रातला. तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, तुऱ्यासारखी लाल कोंबड्याची फुलं यांची ताटात उतरंड रचायची, ती गल्लीत मधोमध ठेवायची आणि तिच्याभोवती फेर धरायचा. शेवटच्या दिवशी दहीभात, चिंचेचा भात, तिळाचा भात डब्यांत घालून सगळ्या एकत्र यायच्या. आमच्या गल्लीची चाल वेगळी होती. पावलं टाकायची, टाळी द्यायची, मग मधल्या फुलांकडे पूर्ण वाकायचं आणि वाकलेल्या अंगानेच दुसरी टाळी द्यायची. मोजलं तर सात भरतात. आम्ही कधी मोजले नव्हते. आम्हाला तेवढंच माहीत होतं की वाकायला वेळ लागतो आणि गाणं तेवढा वेळ देतं. ते वाकणं म्हणजे नमस्कार. फेरात पुढे अम्मा गायची, मागून बाकीच्या ओळ उचलायच्या.

मग अम्माचा आवाज बसला. खोकला आधीपासून होता, तंबाखूच्या भुकटीने येतोच. पण त्या वर्षी आवाज असा गेला की मला हाक मारायची तरी ती सुपावर बोटं वाजवायची. गाणाऱ्या दोघी-तिघी शहराबाहेर कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात राहायला गेल्या होत्या. उरलेल्यांना गाणी येत होती, पण पुढे व्हायचं म्हटलं की जी ती दुसरीकडे बघायची. आसपासच्या गल्ल्यांत तोवर स्पीकर आले होते. तिथे तयार कॅसेट लावायचे, ठेका चारांचा, जलद. पोरी टाळ्या वाजवत ताठ उभ्यानेच गोल पळायच्या. वाकायला सवडच नव्हती, म्हणून वाकणं गेलं. कोणी मुद्दाम सोडलं नाही, नुसतं गेलं.

वेणूअन्नाने त्याच सुमारास कॉम्प्युटर घेतला होता. ग्राफ आता कॉम्प्युटरवर निघायला लागले होते आणि नायनांच्या हाताखालचं काम जाऊ नये म्हणून त्याने तो शिकून घेतला. यात त्याचं कौतुकच आहे. पण त्याचा एक मित्र ऑर्केस्ट्रात पॅड वाजवायचा, त्याच्या नादाने त्याने संगीताचं एक मोठं सॉफ्टवेअरही आणून घातलं. गल्लीतल्या बायकांना त्याने ओट्यावर बोलावून सांगितलं, "यंदा कॅसेट विकत आणायची नाय. आपलं गाणं मी कॉम्प्युटरवर बसवतो. अम्माचा आवाज नाय म्हणून कुणाचं काय अडणार नाय."

बायका खूष झाल्या. मीही झाले. दोन-चार दिवसांनी त्याने वाजवून दाखवलं. अम्मा उठली, लुगडं खोचलं आणि ओट्यासमोर एकटीच पावलं टाकू लागली. वाकली, वर आली, आणि तिचे हात तसेच अधांतरी राहिले. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हात रिकामे ऱ्हातात रे."

"त्यात सात बसत नाय अम्मा. चाराच्या खोल्या हायेत. मी एक वाढवून आठ केले. एकानं काय बिघडतंय?"

"बिघडतंय की," शेजारची राजव्वा म्हणाली. "रिकाम्या हातानं बाई एक पाऊल जास्त टाकणार, म्होरचीच्या पाठीवर आदळणार."

"मग वाकू नका," अन्ना म्हणाला. "बाकीच्या गल्लीत कोण वाकतंय?"

मी दारात कार्डं ओवत होते. माझ्या तोंडून निघालं, "आपण वाकतो."

सगळ्यांनी वळून बघितलं. मी ओट्यावरच्या बैठकीत याआधी कधी बोललेच नव्हते. अन्ना हसला. "बरं नरसू, मग तूच बसव. लई कळतंय ना तुला."

त्याने ते चेष्टेने म्हटलं होतं. मी ते खरं धरलं.

दुपारी तो कारखान्यांत ग्राफ पोचवायला जायचा. तेव्हा मी कॉम्प्युटर लावायची. माउस धरायला अन्ना ग्राफ काढताना बघून शिकले होते. मोठं सॉफ्टवेअर उघडलं तर पडद्यावर चक्क ग्राफ कागद. बारीक चौकटी, आडव्या, उभ्या. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. चौकट भरली की आवाज येतो हे अन्नाचं बघितलं होतं. मग मी अम्माच्या गाण्याची पहिली ओळ नक्षी भरतात तशी भरली, सगळ्यात खालच्या ओळीपासून वर, एका ओळीवर दुसरी ओळ. चादर तशीच विणतात, मला दुसरी रीत माहीत नव्हती. पूर्ण दुपार गेली. मग वाजवायचं बटण दाबलं.

मागावर कार्डांची माळ तुटून सगळी कार्डं एकदम कोसळतात तसा आवाज झाला. नायना मशीन सोडून धावत आले. सगळे सूर एकाच क्षणी वाजले होते, कारण त्या पडद्यावर वेळ डावीकडून उजवीकडे जात होती आणि वर-खाली होता तो आवाजाचा चढउतार. हे अन्नाने संध्याकाळी सांगितलं, पोट धरून हसता हसता. "चादर विणली गं हिनं. गाण्याची चादर."

नायना हसले नाहीत. पडद्याकडे बघत म्हणाले, "पण हे आडवं कशाला चालतंय? कार्ड तर उभं उतरतं."

"संगीत असंच लिहितात नायना."

"कोण लिहितात?"

अन्नाने सॉफ्टवेअर बंद करून टाकलं. मलाही तोवर वाटत होतं की चूक माझी आहे. नायनांच्या त्या प्रश्नाने मी एवढंच ठरवलं की उभं चालणारं काही मिळतं का ते बघायचं. नसेल तर आडवं शिकायचं, पण आधी बघायचं.

रफिकभाई कोपऱ्यावर कॉम्प्युटर जोडून द्यायचे आणि सीडी विकायचे. आमचा कॉम्प्युटरही त्यांनीच जोडलेला. मी अम्माला सोबत घेऊन गेले, कारण एकटीने दुकानात उभं राहणं मला जमायचं नाही. अम्माला आवाज नाही आणि मला धीर नाही. आम्ही दोघी काउंटरसमोर नुसत्या उभ्या. शेवटी तेच म्हणाले, "बोलो अम्मा, मशीन बिघड्या क्या?"

मी काउंटरच्या काचेकडे बघत सांगितलं की गाणं बसवायचं सॉफ्टवेअर पाहिजे, पण त्यात सात बसले पाहिजेत, आणि ते वरून खाली चालणारं पाहिजे.

"वरून खाली," ते म्हणाले. "अक्का, मैं सॉफ्टवेअर बेचताय, पाणी का नळ नै." पण बोलता बोलता खणात शोधत होते. एका मासिकाबरोबर आलेली सीडी त्यांनी काढली. "इसमे फुकटवाले बहुत हैं. एकेक लगाके देखो. चल्या तो रखो, नै चल्या तो वापस. घिसेंगा नै."

त्या सीडीने मला जे शिकवलं ते शाळेने शिकवलं नाही. एक सॉफ्टवेअर दिसायला फार सुंदर, लाकडाच्या पेटीसारखं. त्यावर मी दोन दुपारी घालवल्या आणि ठेवायच्या वेळी कळलं की ते फक्त दाखवण्यापुरतं आहे, केलेलं काम जतन करत नाही. जतन करायचं असेल तर विकत घ्या, आणि किंमत परदेशी पैशात. दुसरं आमच्या कॉम्प्युटरला पेलत नव्हतं. दोन आवाज एकत्र आले की अडखळायचं, अम्मासारखं खोकायचं. तिसऱ्यात चाराच्या खोल्या. मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही कुठेतरी सात बसवायची सोय होती, असं मला फार वर्षांनी कळलं. आमच्यात ती कोणाला सापडली नव्हती, अन्नाच्या मित्रालाही नाही. पण तेव्हा ती सापडली असती तरी मी तेच निवडलं असतं जे पुढे निवडलं. चित्रं-रंग बघून निवडणारी मी उरले नव्हते. मला तीनच गोष्टी हव्या होत्या: केलेलं राहिलं पाहिजे, आमच्या कॉम्प्युटरला झेपलं पाहिजे, आणि ओळी किती ठेवायच्या ते मी ठरवणार.

शेवटच्या काहींत मला हवं ते होतं. इतकं लहान की सीडीवर आहे हेही लक्षात येत नव्हतं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्र एकही नाही. पण वाजवायचं बटण दाबलं आणि ओळी सरकू लागल्या, उभ्या, एकेक करून, मधल्या पट्टीखालून. एक ओळ, एक कार्ड. मी खुर्चीवर नीट मागे टेकून बसले. आणि ओळी किती हा आकडा कोपऱ्यात होता, तो बदलता येत होता. मी तो सातच्या पटीत केला. सॉफ्टवेअरने मुकाट्याने ऐकलं.

अडचण एकच, सूर इंग्रजी अक्षरांत होते. आमच्या वेळी चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतं. अन्ना म्हणाला, "एबीसी येत नाय आन कॉम्प्युटरवर गाणं बसवती."

"सगळी नकोतच," मी म्हटलं. "सातच लागतात की."

ती सात अक्षरं मी चित्रासारखी शिकले. एक तुटकी बांगडी, एक पोट सुटलेला माणूस, एक फणी. नावं नंतर आली. आवाज मी आमचेच भरले, अन्नाचा माईक वापरून. अम्माची टाळी, पितळेच्या ताटावर उलथनं, आणि खालचा जड ठोका म्हणून नायनांच्या मशीनची धप्प. नायनांनी त्यासाठी तीनदा नीट पाय मारून दिला आणि विचारलं, "बरोबर लागला का?" मजुरी देणाऱ्या शेठलाही ते इतक्या अदबीने विचारत नसत.

अन्नाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, फुकटच्या सीडीने कॉम्प्युटर बिघडतो, ऑर्केस्ट्रावाले जे वापरतात तेच चांगलं, नाहीतर त्यांनी ते वापरलं असतं का. तो माझं सॉफ्टवेअर काढून टाकायचा. मी दुपारी परत घालायची. तो संध्याकाळी काढायचा. याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. माझं काम मी फ्लॉपीवर ठेवायची आणि फ्लॉपी तांदळाच्या डब्याखाली. एक दिवस त्याने काढलं नाही. दमला असेल.

त्याचं शेवटचं म्हणणं मात्र त्याने सगळ्यांसमोर मांडलं. "ठेका हाय, पण यात गाणं कुटं हाय? माझ्यात निदान सूर तरी हायेत."

सूर मी घातले होते आणि परत काढले होते. यंत्राने सूर वाजवले की बायकांचं स्वतःचं गाणं थांबतं, हे मी बाजूच्या गल्लीत बघितलं होतं. पण हे सगळं ओट्यावर बोलायचं मला कुठलं जमायला. मी एवढंच म्हटलं, "एवढंच हाय."

शेवटच्या संध्याकाळी फुलांच्या उतरंडी गल्लीत मांडल्या गेल्या, डबे ओट्यावर रांगेत ठेवले. अन्नाने स्पीकर खिडकीत ठेवला होता. आधी त्याचं लावलं. बायकांनी दोन फेर घेतले आणि राजव्वा खरोखरच पुढचीच्या पाठीवर आदळली. हशा झाला. तिसऱ्या फेराला निम्म्या बायका वाकायच्या थांबल्या. कोणाला काही वाटलं नाही, हेच मला सहन झालं नाही. मी आत गेले, त्याचं बंद केलं आणि माझं लावलं.

ठेका सुरू झाला. पावलं पडली, टाळी पडली, बायका वाकल्या, आणि टाळी जिथे पडायला हवी तिथे पडली. फेर नीट फिरू लागला. पण गाणं नव्हतं. नुसते पाय, टाळ्या आणि खालून धप्प. दोन फेर, तीन फेर. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. राजव्वा चालता चालता ओरडली, "अगं नरसे, गाणं कुटं हाय?"

मी दारात होते. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. तरी आवाज आला. "तुमच्या तोंडात."

"बघा, बोलती कशी. मुकी होती तीच बरी होती," फेरातली एक म्हणाली.

"एवढं केलं तर सूर घालायला काय झालं होतं?" तिच्या मागची म्हणाली.

अन्नाने आतून हात पुढे केला, बंद करण्यासाठी. मी त्याचं मनगट धरलं. थोरल्या भावाचं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात सोडवून घेतला नाही.

राजव्वाला राग आला होता. रागातच तिने पहिली ओळ घेतली, मला दाखवायला, की आम्हाला यंत्राची गरज नाही. सुरात नव्हती. दुसरीने तिला सावरायला ओळ उचलली. मग तिसरी. कोणी मायेने गायलं नाही त्या दिवशी. चिडून गायल्या, आणि चिडल्यामुळे जोरात गायल्या. अम्मा फेरात होती. तिच्या तोंडातून आवाज येत नव्हता, पण ती प्रत्येक वेळी वाकत होती, आणि वर येताना तिचे हात रिकामे राहत नव्हते. चिंचेचा भात वाढताना राजव्वाने माझ्या ताटलीत मुद्दाम कमी घातला. मी खाल्ला. तसा भात मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गल्लीच्या मंडळाची माणसं घरी आली. त्यांना आमचा ठेका हवा होता, आवाज चांगला घुमतो म्हणून. फक्त एक बारीक बदल. त्यातले वयस्कर होते ते अन्नाला म्हणाले, "तेवढं चारात बसवून द्या. आमच्या पोरींना वाकायची सवय नाय, पाय चुकतात."

"देतो की," अन्ना म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम हाय."

मी चहा घेऊन बाहेर आले होते. ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "नाय देणार."

अन्ना म्हणाला, "नरसू, आत जा."

मी गेले नाही. ती माणसं गोंधळून माझ्याकडे बघू लागली. त्यांना वाटत होतं की काम अन्नाचं. ते वयस्कर मला समजावायला लागले, मुलीला समजावतात तसं. "अगं माय, सात ठेवले तर आमच्या पोरींनी काय करायचं?"

मी म्हटलं, "वाकायचं."